डॉक्टरांना ‘बरं आहे’ सांगून घरी येऊ नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्रलेखकाचं वय ४१. घरी पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी. जुनाट हेपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजारासाठी पेगइंटरफेरॉनचा ४८ आठवड्यांचा कोर्स चालू आहे, दर आठवड्याला एक इंजेक्शन. सध्या चौदावा आठवडा. ते लिहितात, “सुरुवातीला ताप, अंगदुखी झाली, ती सोसली. पण महिनाभरापासून मी माझा राहिलेलो नाही. मुलीच्या हातून वहीवर पाणी सांडलं, एवढ्यावरून तिच्यासमोर ती वही मी फाडली. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसलो. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. ऑफिसात एकच ई-मेल चार-चारदा वाचतो. बायको म्हणते मन घट्ट करा, मोठा भाऊ म्हणतो पॉझिटिव्ह राहा. डॉक्टर दर वेळी विचारतात, ‘बाकी काही त्रास?’ मी म्हणतो, ‘नाही, बरं आहे.’ खरं सांगितलं तर इंजेक्शन बंद करतील असं वाचलंय. मग इतके आठवडे, इतका खर्च सगळाच वाया. कधी कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये. पण तसं काही करणार नाही. हे औषधामुळे होतंय की माझं मनच कमकुवत आहे? उरलेले ३४ आठवडे कळ काढू, की इंजेक्शन सोडून देऊ? ऑफिसात आणि नातेवाइकांत आजाराचं कुणाला माहीत नाही.”

उत्तर:

नमस्कार.

पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य तुम्ही घाईने लिहून पुढे सरकला आहात. रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये, हे ते वाक्य. त्याला लगेच ‘तसं काही करणार नाही’ अशी पुस्ती जोडलीत. त्या पुस्तीवर माझा विश्वास आहे. तरी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याच वाक्याचं बोलू. इंटरफेरॉन घेणाऱ्या माणसाच्या मनात असा विचार आला की तो डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवा, आणि त्यासाठी पुढच्या तारखेची वाट बघायची नसते. हे वाचाल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यात फोन करा. पुढचं इंजेक्शन टोचायच्या आधी हे बोलणं झालेलं असू द्या. आज रात्री पत्नीलाही ते वाक्य जसंच्या तसं सांगा. विचार त्याच्या पुढे गेला, म्हणजे कसं, केव्हा, कशाने असं डोक्यात घोळू लागलं, तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. सोबत कुणाला तरी घेऊन जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. घरातली सगळी औषधं काही दिवस पत्नीच्या ताब्यात असू द्या. मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये साठवून ठेवा. पहाटे तीनला जाग येते म्हणता; त्या वेळी डॉक्टर फोन उचलतीलच असं नाही.

आता तुमचे प्रश्न.

‘औषधामुळे की मन कमकुवत?’ या प्रश्नात तुम्ही एक निकाल आधीच देऊन ठेवला आहे. औषधामुळे असेल तर माफ, मनामुळे असेल तर लाज. हा निकाल मला मान्य नाही, पण तो तूर्त राहू दे. आधी औषधाचं बघू, कारण तुम्हाला जे होतंय ते इतकं ओळखीचं आहे की चौदावा आठवडा, चिडचिड आणि पहाटेची जाग एवढं वाचूनच मी मान डोलावली.

इंटरफेरॉन काही परका पदार्थ नव्हे. विषाणू शरीरात शिरला की आपल्याच पेशी तो बनवतात. १९५७ साली लंडनमध्ये अलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी त्याचा शोध लावला. फ्लू झाला की अंग मोडून येतं, तोंडाची चव जाते, कुणाशी बोलू नये, पांघरूण ओढून पडून राहावं असं वाटतं. हे सगळं विषाणू एकटा करत नाही. आपल्या बचावयंत्रणेची ही रसायनं मेंदूलाही ‘आता पडून राहा’ असा निरोप देत असतात. फ्लूमध्ये हा निरोप चार-पाच दिवसांत थांबतो. तुमच्या उपचारात तोच निरोप दर आठवड्याला नव्याने जातो, आणि पेगइंटरफेरॉन मुद्दाम असं बनवलेलं असतं की ते सावकाश रक्तात उतरावं आणि आठवडाभर टिकावं. त्यात आणखी एक गोष्ट घडते. मेंदूला सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन तयार करायला ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल लागतं. इंटरफेरॉनमुळे एक एन्झाइम जोमाने कामाला लागतं आणि हे ट्रिप्टोफॅन भलत्याच वाटेला जाऊ लागतं. मेंदूची एकूण गुंतागुंत बघता हे स्पष्टीकरण पुरेसं नाही हे खरं, पण एवढ्यावरूनही दिसतं की तुम्ही आठवड्याला जे टोचून घेता त्याचा मनःस्थितीशी थेट संबंध आहे.

त्याचा क्रमही साधारण ठरलेला असतो. पहिल्या दोनेक आठवड्यांत शरीर बोलतं: थकवा, भूक मंदावणं, अंगदुखी. मनाची लक्षणं मागून येतात, बहुतेकांना पहिल्या तीन महिन्यांत. उदासी, रडू येणं, लक्ष न लागणं, आणि चिडचिड. तुमचा महिनाभराचा हिशोब या वेळापत्रकात अगदी बसतो. हेपॅटायटिस सीचे रुग्ण पूर्वी इंटरफेरॉन आणि रिबाविरिन घेत, तेव्हाच्या अभ्यासांत साधारण चारातल्या एकाला उपचार चालू असताना नैराश्याने गाठलं होतं. बीच्या रुग्णांत हे प्रमाण कमी दिसतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आधी कधी नैराश्य येऊन गेलं असेल तर धोका वाढतो, आणि आयुष्यात कधी मनाची तक्रार न केलेल्या माणसांनाही ते येतं. या औषधाच्या माहितीपत्रकात सर्वात ठळक चौकटीत जे इशारे छापलेले असतात, त्यांत मानसिक दुष्परिणामांचा इशारा आहे. औषध बनवणाऱ्यांनाच जे चौकटीत छापावं लागतं, त्याचा दोष तुम्ही स्वतःच्या स्वभावाला देताय.

पण सगळंच इंटरफेरॉनच्या माथी मारून मोकळं होऊ नका. चौदाव्या आठवड्यात आणखी एका गोष्टीचा तपास लागायला हवा. हे औषध थायरॉईड बिघडवू शकतं, दोन्ही बाजूंनी. थायरॉईड मंदावलं की माणूस मलूल, उदास, थंड पडतो. वाढलं की झोप उडते, हात थरथरतात, पारा चढतो. बाहेरून दोन्ही नैराश्यासारखंच दिसतं आणि त्यावर नैराश्याच्या गोळ्या देऊन भागत नाही. म्हणून टीएसएच ही तपासणी कोर्सच्या आधी आणि मग दर १२ आठवड्यांनी करायची पद्धत आहे. तुमची बाराव्या आठवड्याची झाली का? झाली असेल तर आकडा बघून घ्या, राहून गेली असेल तर फोनवर पहिली मागणी हीच करा. सोबत हिमोग्लोबिनही बघून घेतील.

आता तुमचं दुसरं गृहीत, ज्यापायी तुम्ही दर भेटीत खोटं बोलताय. खरं सांगितलं की इंजेक्शन बंद.

असं सरसकट होत नाही. पेगइंटरफेरॉन चालू असताना नैराश्य आलं तर काय करायचं, याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सौम्य असेल तर डोस तोच ठेवतात, फक्त दर आठवड्याला भेटून किंवा फोनवर विचारपूस करतात. मध्यम असेल तर डोस कमी करतात, १८० मायक्रोग्रॅमचा १३५ किंवा कधी ९०, विचारपूस दर आठवड्याची आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला. तीव्र असेल तर मात्र औषध कायमचं थांबवतात आणि लगेच मानसोपचार सुरू करतात. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ती: पहिल्या पायरीवर बोललात तर कोर्स चालू राहायची शक्यता सर्वात जास्त. तुम्ही ती पायरी ‘बरं आहे’ म्हणत ओलांडली. आता कुठल्या पायरीवर आहात ते तपासणारा डॉक्टरच सांगेल, मी पत्रावरून सांगू नये. पण एवढं नक्की की आणखी दहा आठवडे गप्प बसलात तर थेट तिसरी पायरी येऊ शकते आणि तेव्हा निवडीला जागा उरणार नाही. कोर्स वाचवायला म्हणून तुम्ही जे लपवताय, त्याच लपवण्याने कोर्स हातचा जाऊ शकतो.

समजा रक्त तपासलं आणि प्लेटलेट निम्म्यावर आल्या. तो रिपोर्ट खिशात घालून तुम्ही ‘बरं आहे’ म्हणाला असतात का? मनाचा रिपोर्ट कुठल्याच लॅबमधून छापून येत नाही. तो तुमच्याच तोंडून यावा लागतो, आणि तुम्ही बोलला नाहीत तर डॉक्टर अर्ध्याच माहितीवर डोस ठरवतात.

इथे डॉक्टरांच्या पदरातही थोडं माप घालते. ‘बाकी काही त्रास?’ हा प्रश्न फाईल मिटता मिटता विचारला की त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. झोप किती लागते, रडू येतं का, मरणाचे विचार येतात का, असं नाव घेऊन विचारलं पाहिजे. तुमचे डॉक्टर विचारत नसतील तर तुम्ही न विचारता सांगा. आत गेल्यावर जीभ अडखळते, म्हणून घरूनच कागदावर लिहून न्या आणि कागद टेबलावर ठेवा. ‘जरा मूड ठीक नसतो’ असलं गुळमुळीत लिहू नका. ‘महिनाभर रोज पहाटे तीनला उठतो. मुलीची वही फाडली. मरण आलं तर बरं असं वाटतं. हे आधी कधी नव्हतं.’ एवढ्या चार ओळी पुरतात. शक्य असेल तर पत्नीला सोबत न्या, आणि सोबत म्हणजे बाहेरच्या बाकावर नाही, आत. चिडचिड ही गोष्ट अशी असते की ती भोगणाऱ्यापेक्षा ती झेलणाऱ्याला जास्त नीट सांगता येते.

चिडचिडीचं वेगळं सांगण्यामागे कारण आहे. नैराश्य मोजायला जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टर नीट चौकशी करतात. नवव्या प्रश्नात मरणाच्या विचारांबद्दल विचारलेलं असतं, आणि तिथे शून्य सोडून काहीही आलं तर ते त्याच दिवशी सांगायचं. पण या नऊ प्रश्नांत चिडचिडीबद्दल एकही प्रश्न नाही, आणि इंटरफेरॉनच्या रुग्णांत तर पुष्कळदा उदासीच्या आधी चिडचिडच दिसते. उलट थकवा, झोप, भूक यांचे प्रश्न आहेत, आणि ते गुण इंजेक्शनच्या नुसत्या शारीरिक त्रासानेही वाढतात. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांवर जास्त लक्ष ठेवा: कशात रस वाटतो का, आणि मन खिन्न असतं का. ही प्रश्नावली दर दोन आठवड्यांनी भरा. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी असताना भरू नका, दोन इंजेक्शनांच्या मधला एखादा दिवस ठरवून टाका. शिवाय रोज एका ओळीची नोंद: झोप किती तास, चिडचिड दहापैकी किती. पत्नीने तिचा आकडा वेगळा लिहावा, तुमचा न बघता. दोन आकड्यांत फरक पडला तर भांडू नका, दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

उपचारांबद्दल. इंटरफेरॉन चालू असतानाही नैराश्यावर औषधं देता येतात, आणि ती उपयोगी पडतात. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन या गटातल्या गोळ्यांचा अनुभव बराच आहे. मात्र डोस यकृताची अवस्था बघून ठरतो, आणि ड्युलोक्सेटिनसारखं काही औषध जुनाट यकृतविकारात टाळतात. तेव्हा ओळखीतल्या कुणाला लागू पडली म्हणून ती गोळी घेऊ नका. असर दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तिसऱ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून डबी फेकू नका.

आणि हे काम शक्यतो मानसोपचारतज्ज्ञांकडेच न्या. इंटरफेरॉन काही थोड्या लोकांत नैराश्याच्या उलट टोकाचं चित्रही उभं करतं: झोप कमी पण थकवा नाही, डोकं भरधाव, खर्च बेफाम, जरा काही झालं की स्फोट. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. तुम्ही थकलेले आहात. पण चिडचिड दोन्हींत असते, आणि दुसऱ्या प्रकारात नुसती नैराश्याची गोळी दिली तर आगीत तेल पडतं. हा फरक समोर बसून, वेळ देऊन, घरच्यांना विचारूनच कळतो. पूर्वी कधी असे दिवस आले असतील, किंवा घरात कुणाला असा उन्मादाचा आजार असेल, तर आपणहून सांगा. यकृताच्या आणि मनाच्या डॉक्टरांनी एकमेकांची चिठ्ठी वाचलेली असावी. ते स्वतःहून बोलतील या भरवशावर राहू नका, दोघांच्या फाईलची प्रत दोघांकडे पोचती करा. गोळीच्या जोडीने समुपदेशनही घ्या. औषधाने आणलेली उदासी असली तरी ‘मीच वाईट बाप आहे’ हा विचार तुम्ही तिच्यावर रचलेला आहे, आणि तो उतरवायला बोलणंच लागतं.

समजा, सगळं करून इंटरफेरॉन थांबवावंच लागलं. तरी जग बुडत नाही. हेपॅटायटिस बीसाठी एन्टेकाविर आणि टेनोफोविर या गोळ्या आहेत. रोज एक घ्यायची, विषाणूला उत्तम दाबून ठेवतात, आणि मनावर इंटरफेरॉनसारखा भार टाकत नाहीत. फरक असा की इंटरफेरॉनचा कोर्स ठरावीक मुदतीचा असतो, गोळ्या मात्र वर्षानुवर्षं, पुष्कळांना जन्मभर. मुदतीच्या आशेनेच तुम्ही इंजेक्शन निवडलं असणार, आणि ती निवड रास्त होती. पण एक गोष्ट कुणी स्पष्ट सांगितली नसेल तर मी सांगते: ४८ आठवडे पूर्ण केले म्हणजे विषाणू कायमचा गेला असं बीमध्ये थोड्यांच्याच बाबतीत होतं. ३४ आठवड्यांच्या पलीकडे एक पूर्ण बरं झालेलं आयुष्य ठेवलेलं आहे आणि आत्ता कळ काढली की ते मिळणार, असा सौदा तुम्ही मनाशी केला असेल तर त्याच्या अटी एकदा डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. बाराव्या आणि चोविसाव्या आठवड्याच्या रक्त तपासण्या बघून कोर्स पुढे न्यायचा का, हे तसंही ठरवतात.

इंजेक्शन आपल्या मनाने सोडून देणं मात्र नको. डोस कमी करणं, थांबवणं, गोळ्यांवर जाणं, यातलं काहीही तपासणीखाली केलं तरच सुरक्षित. औषध गेल्यावर यकृताचा दाह उसळतो का यावर काही महिने लक्ष ठेवावं लागतं.

रोजच्या जगण्याचं फार सांगत बसत नाही, कारण या गोष्टींनी नैराश्य जात नाही, फक्त दिवस थोडा सुसह्य होतो. इंजेक्शन संध्याकाळी घेतलं तर तापाचा जोर झोपेत निघतो. त्यासाठी पॅरासिटामॉल किती घ्यायचं याचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण यकृत आजारी असताना त्याची मर्यादा पाळावी लागते. दुसरा दिवस सुट्टीचा येईल असा वार निवडा. पाणी भरपूर. अंगात बळ असेल त्या दिवशी वीस मिनिटं चालणं, नसेल त्या दिवशी नाही. दारू अजिबात नाही, झोपेसाठी ‘थोडीशी’ तर मुळीच नाही. झोपेच्या गोळ्या आणि यकृताला बळ देणारे म्हणून विकले जाणारे काढे-चूर्ण आपल्या मनाने सुरू करू नका. त्यांतल्या काहींनी यकृताचंच नुकसान होतं.

पॉझिटिव्ह राहा, या सल्ल्याचा मला मनापासून कंटाळा आहे. देणारा प्रेमाने देतो, पण ऐकणाऱ्याच्या माथी आणखी एक काम येतं: आजारी तर असायचंच, वर हसतमुखही दिसायचं. भावाला सांगा की मला धीर नको, मदत हवी आहे, आणि ती काय ते नेमकं सांगा. महिन्यातून एका तपासणीला सोबत यायचं, इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी मुलीला दोन तास बाहेर न्यायचं. ‘मन घट्ट करा’ म्हणणाऱ्या तुमच्या पत्नीबद्दल मात्र मला काळजी वाटते. घर, मुलगी, तुमचा राग आणि आजाराचं गुपित हे सगळं त्या एकट्याच वागवत आहेत. त्यांनाही एक माणूस हवं, ज्याच्याशी त्या मोकळेपणाने बोलू शकतील.

म्हणूनच गुपिताचं. ऑफिसात सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, सांगायला तुम्ही बांधील नाही. लोकांच्या गैरसमजांची भीती तुम्ही उगाच धरलेली नाही. पण हेपॅटायटिस बी एकत्र जेवल्याने, भांडी वापरल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने पसरत नाही. तो रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होतो. त्यावर उत्तम लस आहे. पत्नीची आणि मुलीची तपासणी आणि लसीकरण झालं नसेल तर ते या आठवड्यातलं काम. पत्नीखेरीज आणखी एका माणसाला, कुणालाही, सगळं सांगून टाका. इतकं मोठं ओझं दोघांनीच वाहायचं नसतं.

मुलीला काय सांगायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण वहीचा प्रसंग लिहिलात त्यावरून तो प्रश्न मनात आहे हे कळतं. दहा वर्षांच्या मुलीला विषाणू आणि यकृत समजावत बसायची गरज नाही. ‘बाबा एक औषध घेतोय, त्याने त्याला पटकन राग येतो. तू काही चुकीचं केलं नव्हतंस. वही फाडली ही माझी चूक होती. मी डॉक्टरांशी यावर बोलतोय.’ हे डॉक्टरांना फोन केल्यावर सांगा, म्हणजे शेवटचं वाक्य खरं असेल. औषधाचं कारण दिलं तरी माफी पूर्ण मागा. मुलांना कारण आणि सबब यांतला फरक लगेच कळतो. राग चढतोय असं वाटलं की खोलीतून बाहेर जायचं, हे तिला आधीच सांगून ठेवलंत तर तुमचं उठून जाणंही तिला भीतीदायक वाटणार नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण हेपॅटायटिसच्या सगळ्यांनाच इंटरफेरॉन घ्यावं लागत नाही.

हेपॅटायटिस सी असलेल्या पुष्कळांच्या मनात अजून जुन्या इंजेक्शनांची धास्ती आहे. घरातल्या कुणाचे त्या काळातले हाल पाहिलेले असतात, किंवा ‘तुम्हाला आधी नैराश्य होतं, तेव्हा हा उपचार तुम्हाला नको’ असं पूर्वी ऐकवलेलं असतं. ते आता मागे पडलं. २०१३-१४ पासून आलेल्या सोफोस्बुविरसारख्या गोळ्यांचा कोर्स बहुतेकांना ८ ते १२ आठवड्यांचा असतो आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोकांतून विषाणू पूर्ण जातो. मानसिक आजार आहे म्हणून हा उपचार नाकारायचं कारण नाही. पुन्हा जाऊन विचारा. मुळात सीचा विषाणूच थकवा आणि उदासी आणतो, त्यामुळे उपचारानंतर पुष्कळांचं मन हलकं होतं. एक मात्र सांभाळा: कार्बामाझेपिन हे फिट आणि मनाच्या काही आजारांवर दिलं जाणारं औषध, किंवा उदासीसाठी विकली जाणारी सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती चालू असेल तर या गोळ्यांची रक्तातली मात्रा घटते आणि उपचार फसू शकतो. मनासाठी जे काही घेता ते आधी सांगा.

सिऱ्होसिस, म्हणजे यकृतावर व्रण साचून ते निबर झालेलं, असलेल्यांच्या घरच्यांना वेगळंच सांगायचं आहे. माणूस दिवसा झोपतो, रात्री टक्क जागा असतो, बोलताना धागा सुटतो, सही वाकडी येऊ लागते, हात पुढे धरले की फडफडतात. याला ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणून सोडू नका. यकृत निकामी होऊ लागलं की मेंदूवर असा परिणाम होतो, आणि त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं लागतं. अशा वेळी दिलेली झोपेची गोळी जिवावर बेतू शकते.

आणि तुमच्यासाठी, कोर्स जेव्हा संपेल तेव्हाचं. इंटरफेरॉन थांबलं की बहुतेकांची मनाची लक्षणं काही आठवड्यांत उतरू लागतात, पण सगळ्यांची लगेच नाही. त्यामुळे शेवटच्या इंजेक्शननंतरही सहा महिने मनावर लक्ष ठेवायचं असतं. नैराश्याची गोळी सुरू झालेली असेल तर ‘इंजेक्शन संपलं, आता हीसुद्धा नको’ म्हणून त्याच आठवड्यात बंद करू नका. ती सहसा आणखी काही महिने चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ कोर्स संपायच्या आधीच घेऊन ठेवा.